शिक्षकदिनाला बाईंना काय द्यावं? वर्गणी नको, मुलांच्या हातचं काहीतरी सुचवा

खारफुटी | २१ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी कोपरखैरण्यात राहते, लेक चौथीत आहे. शिक्षकदिन जवळ आला की आमच्या वर्गाच्या पालकग्रुपवर दरवर्षी जो विषय निघतो तो आज निघाला. प्रत्येकाने तीनशे रुपये काढायचे आणि बाईंना साडी नाहीतर गिफ्ट व्हाउचर द्यायचं. दोघांनी पुढाकार घेऊन नावांची यादी टाकली. ज्याचे पैसे आले त्याच्या नावापुढे हिरवी खूण. संध्याकाळपर्यंत निम्म्या नावांपुढे खुणा झाल्यासुद्धा.

ती यादी बघून मला फार वाईट वाटलं. आमच्या वर्गात महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत जाणारे आईवडील आहेत, तसे तुर्भ्याच्या मार्केटात पोती उचलणारे माथाडी आहेत, रिक्षावाले आहेत, घरकामाला जाणाऱ्या आया आहेत. महिनाअखेरीला तीनशे रुपये काढायचे म्हणजे काही घरांत कशाला तरी कात्री लागणार. आणि नाही काढले तर नाव सगळ्यांसमोर कोरं राहणार.

रात्री जेवताना लेकीला विचारलं, तुला बाईंना काय द्यावंसं वाटतं? म्हणाली, "खडीसाखर." का, तर पाचव्या तासाला बाईंचा आवाज बसतो. मग त्या फळ्यावर लिहितात आणि हाताने खूण करून वाचायला सांगतात. खिडकीखालून बस जायला लागली की वाक्य अर्धं सोडून थांबतात, बस गेली की तिथूनच पुढे सुरू करतात. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वर्गात एवढी मुलं आहेत, प्रत्येकाने बाईंचं असं काही ना काही टिपलेलं असणारच ना?

म्हणून इथल्या शिक्षकांना विचारतेय, आणि शाळा सोडून कितीही वर्षं झाली असली तरी तुम्हा सगळ्यांनाही. तुमच्या लक्षात काय राहिलंय? मुलांनी शिक्षकांसाठी केलेलं, किंवा शिक्षकांनी मुलांसाठी केलेलं. दोन्ही सांगा. ग्रुपवर नुसतं "वर्गणी नको" म्हणून भागणार नाही, त्याऐवजी काय ते मला मांडायचंय.

निळीशाई | २१ ऑगस्ट, रात्री ११.२५

ताई, मी महापालिकेच्या शाळेत सातवीला शिकवते, नवी मुंबईतच. आधी नियमाचं सांगून टाकते. सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात आणि त्यात भेटवस्तू घेण्यावर बंधन आहे. आमच्या शाळेतही आम्ही तेच पाळतो. महागाचं काही समोर आलं की नाही म्हणावं लागतं, आणि देणाऱ्या मुलाचं तोंड एवढंसं होतं. तेव्हा तो प्रसंग बाईंवर न आणलेलाच बरा.

आता लक्षात राहिलेलं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, अगदी कमी बोलणारा. मधल्या सुट्टीनंतर माझा गणिताचा तास असायचा. कोरड्या डस्टरने पुसलं की फळा पांढुरका राहतो, मागच्या बाकांना काही दिसत नाही. हा मुलगा डबा लवकर संपवून फळ्यावर ओलं फडकं फिरवायचा. वाळायला वेळ लागतो म्हणून घंटेच्या बरंच आधी. मी वर्गात शिरायचे तेव्हा फळा काळाकुळकुळीत, वरच्या कोपऱ्यात तारीख, त्याखाली पट आणि हजर. आकडे कायम बरोबर. सुट्टीत कुणी पोट दुखतं म्हणून घरी गेलं असेल तर हजरच्या आकड्यातून एक वजा केलेला असायचा. मी त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं.

पुढे त्याच्या प्रगतिपुस्तकात मी हे लिहिलं. "वर्गाची काळजी घेतो" असं मोघम नाही. फळा कधी पुसतो, का पुसतो, सगळं लिहिलं, जागा संपेपर्यंत. त्याची आई सही करायला आली तेव्हा तिने मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मी दोनदा वाचलं.

गुलाबांविषयीही सांगते. ५ सप्टेंबरला प्रत्येक मूल एक गुलाब आणतं, त्या दिवशी फुलांचे भाव चढलेले असतात, आणि दुपारपर्यंत सगळी फुलं मान टाकतात. आमच्याकडे आता मुलंच ती फुलं खिचडी शिजवणाऱ्या मावशींना आणि शिपाईकाकांना नेऊन देतात. त्या मावशींना शाळेत फूल देणारं दुसरं कुणी नव्हतं.

घणसोलीकर | २२ ऑगस्ट, सकाळी ७.०५

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझी पत्नी एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. पगार तुटपुंजा, तोही दोन-दोन महिने लांबतो. कार्डं, चिठ्ठ्या, कागदी फुलं यांनी आमचं एक कपाट भरलंय आणि ती सगळी तिने जिवापाड जपलीत, पण पालकांनी मिळून एकदा कुकर दिला होता तो आम्ही रोज वापरतो. शिक्षकाला पैशांची गरज नसते, त्याला फक्त प्रेम हवं असतं, असं सगळे गृहीत धरतात तेव्हा मला त्रास होतो. ज्यांची ऐपत आहे त्यांनी मिळून उपयोगी वस्तू दिली तर त्यात कमीपणा काय?

खारफुटी | २२ ऑगस्ट, सकाळी ९.३०

दादा, राग कसला. तुमचं पगाराचं म्हणणं शंभर टक्के पटतं, आणि त्यासाठी पालकांनी संस्थाचालकांना जाब विचारायला हवा, तो कुणी विचारत नाही हेही खरं. माझा विरोध वस्तूला नाही, यादीला आहे. ज्या माथाडी बाबांचं नाव कोरं राहिलंय त्यांचा मुलगा बाईंच्या सगळ्यात जवळचा आहे, शाळा सुटल्यावर त्यांची पिशवी गेटपर्यंत आणून देतो. त्या यादीत त्याच्या बाजूने काहीच मांडलेलं नाही.

पारसिक | २२ ऑगस्ट, दुपारी ३.१५

मी ठाण्यात रात्रशाळेत शिकवत होतो, आता निवृत्त आहे. जरा लांबण लागेल, पण लिहितो.

आमची पोरं दिवसभर कामाला. काही वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये (१९६२ साली एमआयडीसीची सुरुवात जिथून झाली तीच ही वसाहत, माझ्या काळात तिथे यंत्रांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा), काही जांभळी नाक्याच्या दुकानांत, कुणी स्टेशनबाहेर चहाच्या गाडीवर. शाळा संध्याकाळी भरायची. पहिल्या तासाला निम्मे बाक रिकामे, कारण शेठ वेळेवर सोडत नाही. आल्यावर पोरं नळावर हात घासून घासून धुवायची, तरी ग्रीस नखांतून निघत नाही. वहीच्या पानाच्या कडेला काळे अंगठे उमटलेले असायचे.

त्या वह्या मी तपासायचो. नीटनेटकेपणाचे गुण कापा असा आग्रह व्हायचा, मी कापले नाहीत. त्या अंगठ्यांचे गुण कापायला माझा हात धजला नाही. शेरे मात्र मन लावून लिहायचो. "छान" किंवा "प्रयत्न करा" हे शेरे पोरं वाचतसुद्धा नाहीत, पान उलटतात. "रीत बरोबर आहे, तिसऱ्या पायरीला हातचा राहिला" असं लिहिलं की पोरगं पान मागे उलटून तिसरी पायरी शोधतं. म्हणजे त्याला कळतं की मास्तरांनी आपलं गणित ओळीने वाचलंय. एकाने "माझा आवडता छंद" या निबंधात लेथ मशीनवर काम कसं करतात ते लिहिलं होतं. निबंधाच्या विषयाला धरून नव्हतं, पण जॉब कसा बांधतात, हत्यार किती आत घ्यायचं, कीस कसा निघतो, सगळं डोळ्यांपुढे उभं. मी खाली लिहिलं, "हे यंत्र मला तुझ्यामुळे समजलं." त्याच्या मेस्त्रींनी मला पुढे एकदा रस्त्यात गाठून सांगितलं, की पोराने ती वही वर्कशॉपमध्ये सगळ्यांना दाखवली.

आता पोरांचं. मागच्या बाकांवरची ट्यूबलाइट कितीतरी दिवस फडफडत होती. मी अर्ज दिलेला, अर्ज कुठेतरी पडून. वायरमनच्या हाताखाली काम करणारा एक पोरगा होता. एका संध्याकाळी तो तास सुरू व्हायच्या आधी बाकावर चढला, खिशातून नवा स्टार्टर काढून बसवला, उजेड स्थिर झाला. जुना स्टार्टर त्याने माझ्या टेबलावर कॅटलॉगशेजारी आणून ठेवला. शाळेची वस्तू आहे, मोडकी असली तरी शाळेतच राहिली पाहिजे, एवढा विचार त्या पोराने केला होता. त्याने त्याबद्दल एक शब्द काढला नाही आणि पैसेही घेतले नाहीत.

आणखी एक. मी हजेरी पहिल्या तासाच्या सुरुवातीला न घेता शेवटी घ्यायला लागलो, म्हणजे उशिरा सुटणाऱ्याची गैरहजेरी लागू नये. मी वर्गात हे जाहीर केलं नव्हतं. दोनचार दिवसांत पोरांच्या लक्षात आलं, आणि जे पूर्वी "आता काय, गैरहजेरी लागलीच" म्हणून यायचेच नाहीत ते धापा टाकत येऊन बसायला लागले. आभार कुणी मानले नाहीत. धावत येत होती ना, मला पुरेसं होतं.

नेरुळ_पूर्व | २२ ऑगस्ट, सायंकाळी ६.५०

पारसिक सर, स्टार्टरचं वाचून थांबलो थोडा वेळ.

मी माध्यमिक शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच शाळाबाह्य कामं शिक्षकांना देता येतात, आणि त्यातलं निवडणुकीचं काम माझ्या वाट्याला वरचेवर येतं. मतदारयादी घेऊन सिडकोच्या चार मजली इमारती चढायच्या. लिफ्ट नाही, बेल वाजत नाही, अर्ध्या दारांवर जुन्या भाडेकरूचं नाव. एका इमारतीत माझी जुनी विद्यार्थिनी भेटली, कॉलेजला निघाली होती. तिने पाठीवरची बॅग घरात परत ठेवली आणि माझ्याबरोबर दारोदार फिरली. "सर, या आजोबांना बेल ऐकू येत नाही, खिडकीतून हाक मारावी लागते. हे कुटुंब पनवेलला गेलं. या काकू दुपारी चारनंतरच दार उघडतात." तिचे कॉलेजचे पहिले तास बुडाले. एरवी बंद दारांसाठी मला पुन्हा पुन्हा यावं लागलं असतं. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची, आणि तिला भूगोल कधी आवडला नव्हता.

तलावपाळी | २२ ऑगस्ट, रात्री ९.१०

मी शिक्षिका नाही, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शाळा नौपाड्यात झाली.

लहानपणी मी बोलताना अडखळायचे. परिपाठात प्रत्येकाला पाळीपाळीने सुविचार, दिनविशेष, बातम्या वाचाव्या लागायच्या. माझी पाळी आली की मुलं एकमेकांना कोपराने ढोसायची. पाचवीच्या वर्गशिक्षिका बाईंनी माझी पाळी कधी टाळली नाही, पण मी वाचायला उभी राहिले की त्या कॅटलॉग उघडून त्यात काहीतरी लिहायला लागायच्या. मान वर करायच्याच नाहीत. इतर कुणी वाचत असलं की त्यांच्याकडे बघत असायच्या, मान डोलावायच्या. आणि बाई बघत नाहीत म्हटल्यावर मुलंही हळूहळू आपापल्या चाळ्यांत लागायची. मी अडखळत, थांबत, सगळी बातमी वाचून संपवायचे. मग बाई वर बघून म्हणायच्या, "झालं? बस." जणू त्यात काही विशेष नव्हतंच. तेव्हा मला वाटायचं बाईंना माझं वाचन आवडत नाही. खूप उशिरा कळलं.

कळलं तेव्हा पोस्टात जाऊन पन्नास पैशांचं कार्ड घेतलं आणि एवढंच लिहिलं. शाळेच्या कार्यालयाने ते त्यांच्यापर्यंत पोचवलं. आठवड्याभराने बाईंचा फोन आला. त्यांना मी आठवत होते, अडखळणंही आठवत होतं. कॅटलॉगचं काहीही आठवत नव्हतं! "मी असं करायचे?" असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मग म्हणाल्या, आणखी कुणाशी असं वागले असेन तर बरं होईल.

खारफुटीताई, मुलांना "तुम्ही खूप छान शिकवता" असं लिहू देऊ नका. तुमच्या लेकीला जसा आवाज बसलेला दिसला तसं काहीतरी लिहायला सांगा. बाईंना स्वतःलाच ते माहीत नसेल.

पारसिक | २२ ऑगस्ट, रात्री ९.४५

तलावपाळी, तुमच्या बाईंना माझा नमस्कार कळवा.

सूत्र | २३ ऑगस्ट, सकाळी ११.२०

घोडबंदर रोडला गणिताचे क्लास घेतो. पालक निकालाच्या आधी महागडी पेनं, घड्याळं घेऊन येतात, मी परत करतो. परत करताना वर्षअखेरीला एक पान मात्र मागतो. "या वर्षी तुला काय समजलं आणि कशामुळे समजलं?" नाव लिहायची सक्ती नाही.

उणे संख्या मी टॉवरच्या लिफ्टवरून शिकवतो. तळमजला शून्य, खाली पार्किंगचे मजले उणे एक, उणे दोन. इथल्या बहुतेक मुलांना पटकन कळतं. एका पानावर आलं: "आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मला उणे संख्या आमच्या दुकानाच्या उधारीच्या वहीवरून समजल्या. तुम्ही ते बाकीच्यांना सांगा." किती आपुलकीने सांगितलंय बघा! मला समजलं नाही अशी तक्रार नाही, मला समजलेली रीत घ्या असा सल्ला. तेव्हापासून मी लिफ्ट आणि उधारी दोन्ही सांगतो. उधारीमध्ये उणे अधिक उणे करून उणेच का वाढतं हे लिफ्टपेक्षा चांगलं उतरतं.

पळसपान | २३ ऑगस्ट, दुपारी १.००

छान धागा. सूत्र यांच्या त्या पानावरून आठवलं. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. लहान वयाची मुलगी, शिकून थोडीच वर्षं झालेली, आणि ती स्वतःच्या समाजाची बाजू इतक्या ताकदीने मांडते. सावित्रीबाई आणि जोतीराव यांना त्या निबंधाइतकं मोठं दुसरं काय मिळालं असेल असं मला नेहमी वाटतं. डॉ. राधाकृष्णन यांच्या वाढदिवशी शिक्षकदिन १९६२ पासून आपण साजरा करतो, तो करावाच, पण ३ जानेवारी, सावित्रीबाईंचा जन्मदिवस, हीसुद्धा बाईंना काही लिहून द्यायची चांगली तारीख आहे. त्या दिवशी बाजार गुलाबांनी भरलेला नसतो.

वाशीखाडी | २३ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०

थोडक्यात लिहिते. मी श्रवणदोष असलेल्या मुलांना शिकवते. आमच्याकडे टाळी म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. एखाद्याला अवघड शब्द जमला की सगळा वर्ग हात वर करतो, हे मीच त्यांना लावलेलं. एकदा एक मोठी खूण बरेच दिवस माझ्या हाताला बसत नव्हती, त्या दिवशी बसली. फळ्याकडून वळले तर सगळ्यांचे हात वर.

घणसोलीकर | २३ ऑगस्ट, रात्री ८.१५

सगळ्यांचं वाचलं, पत्नीलाही वाचून दाखवलं. तिचं म्हणणं असं, की बाईंचा घसा बसतो हे जर मुलीने सांगितलंय तर तिथेच मदत करा. गळ्यात किंवा कमरेला लावायचा छोटा स्पीकर मिळतो, डोक्याला बारीक माइक. ती स्वतः वापरते, चौथ्या-पाचव्या तासाला फार फरक पडतो. बाईंना भेट म्हणून नको, पालक-शिक्षक संघामार्फत शाळेला द्या, म्हणजे नियमाचा प्रश्न येत नाही आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईंनाही वापरता येईल. पैसे ज्याला जमेल त्याने, जमेल तेवढे, बंद पाकिटातून. यादी नको हे मला आता पटलंय. आणि खडीसाखर द्याच. तीही लागते.

खारफुटी | २४ ऑगस्ट, रात्री १०.०५

मंडळी, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. घणसोलीकर दादा, वहिनींना विशेष धन्यवाद सांगा.

आज यादी टाकणाऱ्या दोघांशी फोनवर बोलले. वाद होईल असं वाटलं होतं, पण त्यातल्या एक ताई म्हणाल्या की त्यांनाही ते हिरव्या खुणांचं प्रकरण बरं वाटत नव्हतं, फक्त थांबवायचं कसं ते कळत नव्हतं. यादी काढून टाकली. ज्यांनी पैसे दिले होते त्यांना परत पाठवतोय. स्पीकरचं पालक-शिक्षक संघाच्या ताईंना विचारलंय, त्या मुख्याध्यापिकांशी बोलतील. पाकीट त्यांच्याकडेच राहील.

मुलांसाठी एकच ठरवलंय. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहायचं, "बाईंनी केलेली एक गोष्ट, जी मी बघितली." आईबाबांनी वाक्य सांगायचं नाही. मी लेकीच्या दोन मैत्रिणींना सहज विचारून पाहिलं. एक म्हणाली, बाई डबा खाताना ज्याने डबा आणला नाही त्याच्या बाकावर जाऊन बसतात. दुसरी म्हणाली, बाई लाल पेनाने फुली मारत नाहीत, चुकलेल्या शब्दाखाली टिंब देतात. या दोन्ही गोष्टी आम्हा पालकांपैकी एकालाही माहीत नव्हत्या.

पिशवी आणून देणाऱ्या त्या मुलाला काय लिहू असा प्रश्न पडलाय. त्याची आई सांगत होती, तो दोन दिवस पेन्सिल घेऊन बसलाय.

निळीशाई | २४ ऑगस्ट, रात्री १०.५०

फार छान केलंत ताई. त्याला घाई करू नका. नाहीच जमलं तर चित्र काढू दे.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. शुद्धलेखन दुरुस्त करू नका, अजिबात. सुट्या चिठ्ठ्या देऊ नका, पहिल्याच आठवड्यात त्या वह्यांच्या गठ्ठ्यात हरवतात. एका वहीत ओळीने चिकटवा आणि प्रत्येक पानावर मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, वर्ष घाला. मुलं मोठी झाली की नुसत्या पहिल्या नावावरून ओळखू येत नाहीत, आमच्याकडे दर इयत्तेत दोन-तीन सारखी नावं असतात.

आणि ५ तारखेला देऊ नका. त्या दिवशी बहुतेक शाळांत स्वयंशासन असतं. मोठ्या वर्गातली मुलं शिक्षक होऊन तास घेतात, आम्ही या वर्गातून त्या वर्गात पळत असतो, वर कार्यक्रम, भाषणं. हातात आलेलं काहीही धड बघता येत नाही. ४ तारखेला शाळा सुटायच्या वेळी द्या. म्हणजे घरी नेऊन त्यांना शांतपणे वाचता येईल.

खारफुटी | २४ ऑगस्ट, रात्री ११.०५

हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. ४ तारीख पक्की. वही उद्या सेक्टरातल्या दुकानातून आणते, जाड पुठ्ठ्याची, आखीव रेघांची. डिंकही लागेल. सगळ्यांची पानं १ तारखेपर्यंत माझ्याकडे जमा करायला ग्रुपवर आत्ताच टाकते.